ऑईल इंजिन ताल सोडते तेव्हा

बसवकल्याण तालुक्याच्या काळ्या रानात उन्हाळ्याच्या तोंडी विहिरीवरच्या ऑईल इंजिनाचा आवाज अजून ऐकू येतो. पूर्वीइतका नाही, हे खरे. मोट गेली, धावेवरची बैलजोडी गेली, त्यांच्या जागी इंजिन आले. आणि पुढे वीज शिवारापर्यंत पोहोचली तेव्हा इंजिनाची जागा पुष्कळ ठिकाणी मोटरीने घेतली. तथापि शेतीची थ्री-फेज वीज ठराविक तासच मिळते, आणि ओढ्याच्या डोहावर किंवा शेततळ्यावर विजेचा खांब सहसा नसतो. अशा वेळी कोपीत पोत्याखाली झाकून ठेवलेले इंजिन पुन्हा बाहेर निघते. सहा-आठ महिने बसून राहिलेले हे यंत्र पहिल्या दिवशी सुरू तर होते. पण थोडा वेळ चालून मग ताल सोडते. आवाज कधी चढतो, कधी पडतो. मधलाच एखादा ठोका गळतो. सायलेन्सरमधून धुराचे गचके बाहेर पडतात. इकडे उन्हाळी भुईमूग आऱ्या धरीत असतो. त्या दिवसांत पाणी चुकले आणि जमीन कडक झाली, तर आऱ्या मातीत शिरतच नाहीत आणि वर्षाचे पीक हातचे जाते.

या घाईत एक गोष्ट हमखास घडते. पाना हातात येतो आणि पहिला हात पडतो तो फ्युएल पंपावर. इंजिनातला सर्वांत महाग, सर्वांत नाजूक आणि बहुधा सर्वांत निर्दोष असा हा भाग आहे. तो एकदा शेतातल्या धुळीत उघडला गेला की, आधी नसलेला दोष त्यात खरोखरच उत्पन्न होतो. म्हणून इंजिन अडखळू लागले असता दोष कोणत्या क्रमाने शोधावा, एवढ्याच गोष्टीचा आज विचार करावयाचा आहे. क्रम अगदी साधा आहे: जे पैसे न खर्चता, काही न उघडता पाहता येते ते आधी; जे उघडल्यावाचून दिसत नाही ते मागाहून; आणि पंप सर्वांच्या शेवटी.

या क्रमामागचे कारण समजण्यासाठी इंजिनाच्या पोटात काय चालते ते थोडे पाहिले पाहिजे. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग असतो. डिझेल इंजिनात ठिणगीच नाही. येथे दट्ट्या, म्हणजे पिस्टन, सिलिंडरमध्ये नुसती हवा दाबतो. विहिरीवरच्या पाच अश्वशक्तीच्या नेहमीच्या इंजिनात ही हवा तिच्या मूळ आकारमानाच्या सुमारे सोळाव्या हिश्शात कोंबली जाते. दाबल्याने ती पाच-सहाशे अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि तीत बारीक फवाऱ्याने सोडलेले तेल आपोआप पेट घेते. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे खालचे टोक हाताला गरम लागते. त्याच गोष्टीचा हा मोठा अवतार होय.

आता तेलाचे माप पाहा. मिनिटाला १,५०० फेरे घेणाऱ्या या इंजिनात दर दोन फेऱ्यांस एकदा, म्हणजे मिनिटाला ७५० वेळा आणि तासाला ४५,००० वेळा तेलाचा फवारा सुटतो. पूर्ण भारावर असे इंजिन तासाला साधारण एक लिटर डिझेल खाते. भागाकार केला तर एका फवाऱ्याच्या वाट्याला पाण्याच्या एका थेंबाच्या निम्म्याहूनही कमी तेल येते. एवढेसे तेल चौरस सेंटिमीटरला सुमारे २०० किलोग्रॅम दाबाने, म्हणजे मोटारीच्या टायरातील दाबाच्या जवळजवळ शंभरपट जोराने, केसाएवढ्या बारीक छिद्रांतून बाहेर फेकले जाते. हा दाब टिकावा म्हणून पंपाच्या नळीत फिरणारा दांडा तिच्यात इतका तंतोतंत बसवलेला असतो की दोहोंमधील फट मिलिमीटरच्या दोन-तीन सहस्रांशांहून जास्त नसते. अर्ध्या थेंबाच्या या हिशेबात हवेचा एक बुडबुडा किंवा पाण्याचा एक कण शिरला की ठोका चुकलाच. डिझेलचा दाब सहज दुसरीकडे पोहोचतो, हवा मात्र स्पंजासारखी दबून राहते; पंप आपले काम इमानाने करतो, पण नोझलचे तोंड उघडत नाही. दोष पंपाचा नसून पंपाकडे काय येते त्याचा असतो, तो असा.

हे यंत्र रूडॉल्फ डिझेल या जर्मन यंत्रज्ञाच्या नावाने ओळखले जाते. १८९७ साली ऑग्सबर्ग येथे त्याचे इंजिन कसोटीस उतरले. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात या जातीचे एक लहान इंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले, ही गोष्ट भुईमूग पिकवणाऱ्या आपल्या भागातील लोकांस मौजेची वाटेल. (आजच्या इंजिनात मात्र घाण्याचे कच्चे तेल ओतण्याचा मोह धरू नये; नोझलवर काजळीचा थर धरतो.) १९१३ साली इंग्लंडकडे जाणाऱ्या बोटीवरून डिझेल एका रात्रीत नाहीसा झाला. त्याचे यंत्र मात्र जगभर पसरले. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली आणि १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्करांचा इंजिनांचा स्वतंत्र कारखाना उभा राहिला. बसवकल्याण तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, त्या वर्षी तो म्हैसूर राज्यात गेला, आणि १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. सरकारी कागदांची भाषा अशी बदलत राहिली. पण मिस्त्री मराठी बोलो, कानडी बोलो की दखनी बोलो, त्याच्या तोंडचे नोझल, एलिमेंट, टॅपेट आणि वायसर हे शब्द तेच राहिले.

दोष शोधण्याची खरी शिस्त पाहावयाची तर ती आपल्या शिवारात नाही, कोकणच्या मच्छीमाराकडे पाहावी. हर्णैच्या किंवा रत्नागिरीच्या मिरकरवाड्याच्या बंदरातून निघालेल्या बोटीचे इंजिन किनाऱ्यापासून पंधरा-वीस मैलांवर ताल सोडू लागले, तर तांडेलास मिस्त्री बोलावता येत नाही आणि लाटांवर हेलकावणाऱ्या बोटीत पंप उघडून बसणेही शक्य नसते. त्याच्यापाशी दोन पाने, एक चिंधी आणि कान एवढीच सामग्री असते. म्हणून तो आधी एकच प्रश्न विचारतो: दोष इंजिनात आहे की इंजिनाबाहेर? तो गिअर सोडतो आणि इंजिन मोकळे चालवतो. मोकळे चालताना आवाज सुरळीत झाला तर दोष बाहेर आहे. बोटीच्या पंख्यात जाळ्याचा तुकडा किंवा दोर अडकला असेल, पंख्याचे पाते वाकले असेल, नाहीतर दांड्याची सरळ रेषा बिघडली असेल. मोकळे चालतानाही अडखळते आहे असे दिसले तरच तो इंजिनाकडे वळतो.

विहिरीवर नेमका हाच प्रश्न विचारावा. इंजिन पट्ट्यावर असेल तर पट्टा उतरवून ते मोकळे चालवून पाहावे. थेट जोडलेले असेल तर बंद करून जोडाचे बोल्ट काढावेत. अर्ध्या तासाचे काम आहे, पण पुढचे दोन दिवस वाचवते. उन्हाळ्यात पुष्कळदा असे आढळते की इंजिन ठणठणीत आहे, बिघाड पाण्याच्या पंपाच्या ओढनळीत आहे. विहिरीचे पाणी खाली गेले, फूटव्हॉल्व्ह उघडा पडू लागला किंवा ओढनळीचा एखादा सांधा सैल झाला की पंप पाण्याबरोबर हवा ओढतो. हवा आली की भार एकदम हलका होतो व इंजिन भरारी घेते. पुन्हा पाणी धरले की ते दबते. इंजिनाच्या गतीवर पहारा ठेवणारा गव्हर्नर बिचारा मागे मागे धावत राहतो. अशा वेळी आवाजाचा चढउतार ठराविक कालाने होतो आणि पाटात पडणारे पाणीही गचके देत पडते. तेव्हा इंजिनाकडे कान देण्याआधी पाण्याच्या धारेकडे पाहावे. त्याबरोबरच पायाचे बोल्टही पाहून घ्यावेत. ते सैल असतील तर निरोगी इंजिनसुद्धा असे खडखडते की ऐकणाऱ्यास त्याची हाडे मोडली असे वाटावे.

आता इंजिनच अडखळते आहे असे ठरले, तर टाकीपासून सुरुवात करावी, आणि टाकीच्याही झाकणापासून. झाकणाला एक बारीक छिद्र असते. टाकीतले तेल खाली उतरते तेवढी हवा त्यातून आत येते. ते बुजले तर टाकीत पोकळी निर्माण होऊन तेलाची धार आखडते. इंजिन वीस-पंचवीस मिनिटे छान चालते आणि मग धापा टाकते. बंद करून घटकाभर थांबले की पुन्हा चालते. हे लक्षण ध्यानात ठेवण्याजोगे आहे. महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या इंजिनाच्या झाकणावर कुंभारीण माशीने मातीचे घर केलेले असते किंवा धूळ व तेल यांची खपली बसलेली असते. इंजिन धापा टाकू लागताच झाकण सैल करून पाहावे. हवा सुस्कारा टाकून आत शिरली आणि आवाज सुधारला, तर एका काडीने ते छिद्र मोकळे करण्यापलीकडे दुसरा इलाज करावयास नको.

दुसरा शत्रू पाणी. अर्धी रिकामी टाकी थंड रात्री आतून घामेजते व ते दव तळाशी जमते. डिझेलचे पिंप अंगणात उभे ठेवले असेल तर पावसाचे पाणी त्याच्या काठाच्या आत साचते. दिवसा तापलेले पिंप रात्री निवते आणि बुचाच्या फटीतून ते पाणी आत ओढून घेते. म्हणून पिंप आडवे किंवा तिरके ठेवावे व वर छप्पर करावे. डिझेल पाण्यापेक्षा हलके असल्याने पाणी नेहमी तळाशी राहते. टाकीच्या तळातील थोडे तेल काचेच्या बाटलीत काढून रात्रभर ठेवले तर सकाळी खाली पाण्याचा थर आणि त्यावर गाळ स्वच्छ दिसतो. बाटलीतले तेल गढूळ, ढगाळ दिसत असेल तर त्यात पाण्याचे कण तरंगत आहेत असे समजावे. डिझेल आणि पाणी यांच्या सीमेवर सूक्ष्म जंतू वाढतात हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्यांचा काळपट, बुळबुळीत शेवाळासारखा थर फिल्टर बुजवून टाकतो. बोटीवाल्यांना हा थर चांगला परिचयाचा आहे. बंदरात उभी असलेली बोट सुरळीत चालते, आणि बाहेर खवळलेल्या समुद्रात, जेव्हा इंजिनाची सर्वांत अधिक गरज तेव्हाच, ती अडखळते. कारण लाटांच्या हेलकाव्यांनी टाकीच्या तळाचा गाळ वर उठतो. आपल्या शिवारात लाटा नाहीत, पण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून इंजिन दगडधोंड्यांच्या वाटेने डोहावर नेले की तोच परिणाम होतो. जागेवर पोहोचल्यावर लगेच हँडल न मारता घटकाभर थांबावे आणि टाकीच्या तळाचे पेलाभर तेल आधी काढून टाकावे.

फिल्टर बुजत आला आहे हे ओळखण्याची खूण अशी की इंजिन मोकळे असता निर्दोष चालते, भार दिला की गळाठते. कागदी फिल्टर धुऊन पुन्हा बसवण्याची काटकसर करू नये. धुतल्याने त्याची छिद्रे मोठी होतात, कधी फाटतात, आणि जो कचरा त्याने अडवावयाचा तो सरळ पंपात जातो. वाचलेल्या रुपयांच्या कितीतरी पट नंतर जातात.

फिल्टर बदलल्यावर किंवा टाकी एकदा कोरडी पडल्यावर नळीत हवा शिरते. आपले लोक ‘इंजिनाने एअर धरली’ असे म्हणतात, ते अगदी यथार्थ आहे. ही हवा टाकीकडून पुढे पुढे काढीत जावी. प्रथम फिल्टरवरचा हवेचा स्क्रू सैल करावा. फेस येणे थांबून अखंड धार लागली की आवळावा. मग पंपावरचा स्क्रू तसाच. शेवटी नोझलकडे जाणाऱ्या जाड नळीचा नट अर्धा फेरा ढिला करून इंजिन हाताने फिरवावे. तेथून बुडबुड्यांवाचून तेल पाझरू लागले की नट घट्ट करावा. उलट क्रमाने केले तर मागची हवा पुन्हा पुढे येते आणि दुपार वाया जाते.

विहिरीवरचे इंजिन आणि बोट यांच्यात एक महत्त्वाचा फरक आहे. आपल्या लहान इंजिनाची टाकी बहुधा पंपाच्या वर असते, म्हणून तेल आपल्या वजनाने उतरते. नळीचा सांधा सैल झाला तर तेथे ओल दिसते, थेंब पडतो, आणि दोष डोळ्यांना सापडतो. बोटीत टाकी पुष्कळदा इंजिनाच्या खालच्या पातळीवर असते व तेल ओढून घ्यावे लागते. तेथे सांधा सैल झाला तर तेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. बाहेर सारे कोरडे, आत इंजिन अडखळते! शेतकऱ्यानेही ही गोष्ट लक्षात ठेवावी; कारण वारंवार तेल भरणे नको म्हणून पिंप खाली जमिनीवर ठेवून त्यातून नळी घेण्याची युक्ती कोणी केली, की विहिरीवरचे इंजिनही बोटीसारखे वागू लागते.

तेलाबद्दल आणखी एक शब्द. डिझेल महाग म्हणून त्यात रॉकेल मिसळण्याची चाल एके काळी सर्रास होती, आणि रेशनच्या रॉकेलाला निळा रंग देत असत तो असली भेसळ उघडकीस यावी म्हणूनच. पंपाच्या दांड्याला निराळे वंगण नसते. डिझेल हेच त्याचे वंगण. रॉकेलाने ते पातळ झाले की ती सहस्रांश मिलिमीटरची फट झिजून रुंदावते, आणि मग इंजिनाला कायमचाच अशक्तपणा येतो.

तेलाची वाट स्वच्छ असूनही इंजिन अडखळत असेल तर धुराचा रंग पाहावा. काळा धूर म्हणजे तेल जास्त, हवा कमी: भार झेपत नाही, नोझल फवारा सोडण्याऐवजी ठिबकते, किंवा हवेचा फिल्टर बुजला आहे. मळणीच्या दिवसांत ज्वारी-तुरीच्या भुसकटाने हा फिल्टर दोन दिवसांत भरतो. त्याच्या तळाच्या वाटीतले तेल चिखलासारखे झाले असेल तर वाटी धुऊन नवे तेल घालावे. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर म्हणजे न जळताच बाहेर पडलेले डिझेल. इंजिन थंड असताना तो क्षणभर येतोच, पण तापल्यावरही येत राहिला तर दाब कमी आहे किंवा तेल अवेळी सुटते आहे. निळसर धूर वंगणाचे तेल जळत असल्याचे सांगतो, आणि ते झिजलेल्या रिंगांचे काम असते.

धुरासंबंधी बोलताना एक गोष्ट घाईने टाकून देता येणार नाही. पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो. वस्तुतः वातावरणाचा दाब ते वर ढकलतो. समुद्रसपाटीला या दाबाची सीमा सुमारे १० मीटरची; सहाशे मीटरच्या आसपास उंची असलेल्या आपल्या भागात ती थोडी कमी, आणि प्रत्यक्षात सहा-सात मीटरपलीकडे काम नीट होत नाही. म्हणून उन्हाळ्यात पाणी खाली गेले की लोक इंजिनच विहिरीत उतरवतात, आतल्या टप्प्यावर किंवा फळ्यांच्या माच्यावर बसवतात. इंजिन तेथे अडखळू लागले की माणूस दोरीने खाली उतरतो. अडखळणारे इंजिन म्हणजे अर्धवट जळणारे तेल. आणि अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साईड हा वायू अधिक निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील ज्या द्रव्याने प्राणवायू वाहून न्यायचा, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके जड होते, पायांतले बळ जाते, आणि माणूस हाक मारण्याच्या आत खाली कोसळतो. त्याला काढायला भाऊ उतरतो, भावाला काढायला शेजारी उतरतो. एकाच विहिरीत एकाच घरचे दोघे-तिघे गेल्याच्या बातम्या वृत्तपत्रांतून पुन्हा पुन्हा वाचाव्या लागतात. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत येथे अपुरी आहे. ज्योत विझली तर प्राणवायू नाही एवढे कळते, पण ज्योत जळत असतानाही हा वायू मारक प्रमाणात असू शकतो. तेव्हा विहिरीत इंजिन चालू असताना कोणीही खाली उतरू नये. ते वरूनच बंद करता येईल अशी सोय करावी, धुराची नळी विहिरीच्या काठाच्या वर आणावी, आणि बंद केल्यावर आतली हवा पंख्याने किंवा हवेच्या नळीने खेळती करून, पुरेसा वेळ जाऊ देऊन मग कंबरेला दोर बांधलेला माणूस उतरवावा. दोराचे दुसरे टोक वरच्या धडधाकट माणसांच्या हाती असावे. त्याहून बरे म्हणजे दोष काहीही असो, इंजिन वर काढून तपासावे. जेथे पाणी इतके खोल गेले आहे तेथे पाण्यात बुडून चालणारी विजेची मोटर हाच खरा उपाय होय.

पुन्हा क्रमाकडे वळू. आता नोझलची पाळी. ती खोलून, बाहेरच जाड नळीला जोडून इंजिन हाताने फिरवले असता फवारा धुक्यासारखा, सर्व छिद्रांतून सारखा आणि कुरकुरता आवाज करीत सुटला पाहिजे. एखादे छिद्र मुके असेल, धार लागत असेल किंवा टोकाला थेंब लोंबत राहत असेल, तर ठोके का गळतात त्याचा उलगडा झाला. काजळी पितळेच्या ब्रशाने किंवा लाकडाच्या काडीने काढावी. पोलादी तार छिद्रांत खुपसू नये. बसवताना तांब्याचा वायसर नवा घालावा. या परीक्षेत हात कधीही फवाऱ्यासमोर धरू नये. हा फवारा कातडीत सुईसारखा शिरतो. वर टोचल्याएवढी खूण दिसते, दुखतही फारसे नाही, पण आत शिरलेले डिझेल बोट सडवते. असे झाले तर हळद दाबून घरी न बसता त्याच तासाला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात गेले पाहिजे.

दोन, तीन किंवा चार सिलिंडरांचे इंजिन असेल, आणि बोटींवर व ट्रॅक्टरांवर ते तसेच असते, तर त्यातला कोणता गडी काम करीत नाही हे शोधण्याची तऱ्हा फार सुंदर आहे. सावकाश चालणाऱ्या जुन्या घडणीच्या इंजिनात एकेका नोझलचा नट चिंधी धरून किंचित सैल करीत जावे. नट सैल करताच आवाज खाली पडला तर ते सिलिंडर काम करीत होते. काहीच फरक पडला नाही तर आळशी गडी सापडला. नव्या ट्रॅक्टरांत ज्या इंजिनांत सर्व नोझलांना एकाच नळीतून अतिदाबाने तेल मिळते आणि कारभार विजेच्या पेटीकडे असतो, त्यांवर मात्र हा प्रयोग मुळीच करू नये. तेथील दाब याच्या कितीतरी पट असतो.

नोझल निर्दोष ठरली म्हणजे उरतो तो हवेचा दाब. तेलाची तोटी बंद करून, दाब सोडणारी खिटी खाली पाडून गतिचक्र हाताने सावकाश फिरवावे. दट्ट्या वर येऊ लागताच चक्राने स्प्रिंगसारखा जोर परत द्यावयास हवा. ते सहज पुढे गेले तर हवा कोठून तरी निसटते आहे, आणि कोठून ते कानाला कळते. सायलेन्सरच्या तोंडाशी फुसफुस ऐकू आली तर धूर सोडणारी झडप गळते. हवेच्या फिल्टरपाशी ऐकू आली तर हवा घेणारी झडप. आणि वंगणाचे तेल ओतण्याच्या भोकातून आली तर रिंगा व लायनर झिजले आहेत. झडपांच्या बाबतीत आधी टॅपेटची फट पाहावी. इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेली ही फट मिलिमीटरच्या काही दशांशांची असते. ती नाहीशी झाली की झडप पुरती मिटतच नाही आणि इंजिनाचा दम तेथून जातो. हे काम इंजिन थंड असता, पात्याच्या मापाने, जाणत्याकडून करून घ्यावे. झडपा घासणे, रिंगा बदलणे ही कामे कारखान्यातली आहेत.

आणि एवढे सारे पाहूनही ताल जमला नाही तरच पंप. तोही शेतात उघडू नये. नळ्यांच्या तोंडांना स्वच्छ बुचे मारून, न सोडता तसाच, जेथे पंप तपासण्याचे यंत्र आहे अशा दुकानी न्यावा. बसवकल्याण तालुक्यातून जाणाऱ्या ६५ क्रमांकाच्या महामार्गाने एका बाजूस सोलापूर आणि दुसऱ्या बाजूस हैदराबाद गाठता येते. तेथे अशी दुकाने आहेत. पंप काढताना त्याच्या बैठकीखालचे पातळ पत्रे मोजून ठेवावेत आणि बसवताना तितकेच घालावेत. एक पत्रा कमी-जास्त झाला की तेल सुटण्याची वेळ पुढेमागे होते, आणि दुकानातून दुरुस्त होऊन आलेल्या पंपावरही इंजिन पहिल्यासारखेच अडखळत राहते.